लेडीज रायफल

अमेरिकेत एखाद्या बाईनं शिकारीसाठी रायफल घ्यायची ठरवली, की तिच्या आसपासच्या पुरुषांना स्फुरण चढतं. नवरा, दीर, ऑफिसातला सहकारी, शेजारी, शेजाऱ्याचा मेहुणा, दुकानात नुसते लोकरीचे मोजे घ्यायला आलेला एखादा दाढीवाला, सगळे बाह्या सरसावून पुढं येतात. एरवी या मंडळींचं आपसात अजिबात पटत नाही. कुठलं काडतूस भारी, यावर ते रात्र-रात्र भांडू शकतात. पण बाईची रायफल म्हटलं की सभा एकमुखानं ठराव पास करते: हलकी घ्या. बाईची उंची किती, हात केवढा, ती डावखुरी की उजवी, ती मारणार काय आणि कुठं, हे प्रश्न नंतरचे. बहुतेक वेळा ते नंतरही येत नाहीत.

कोलोरॅडोत राहणाऱ्या आमच्या वहिनींनी रायफल घ्यायचं काढलं, तेव्हा हा सल्ला त्यांना इंग्रजीतून मिळालाच, वर मराठीतूनही मिळाला. आपल्याकडच्या सल्लागारांचा नेमबाजीचा अनुभव म्हणजे जत्रेत फुगे फोडले होते एवढाच. फुगे न फुटल्याचं कारणही त्यांच्याकडं तयार होतं, त्या बंदुकांची नळी मुद्दाम वाकवलेली असते. पण हलक्या रायफलीबाबत त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. 'बायकांना जड झेपत नाही,' असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरी तांदळाची वीस पौंडी पोती गाडीतून आत कोण आणतं हे मी पाहिलेलं आहे.

मुळात वहिनींच्या डोक्यात शिकार शिरली ती मटणापायी. वहिनी कोल्हापूरच्या. कोल्हापूरच्या माणसाला परदेशात दोनच गोष्टींचा त्रास होतो: एक मटण आणि दुसरं मटण. गोठलेले चौकोनी तुकडे आणून वर्षानुवर्षं त्यांनी तांबडा केला, पांढरा केला, आणि दर वेळी पहिल्या घोटाला 'हां, ठीक आहे' असं म्हणत चेहऱ्यावर सुतक धरलं. मग एकदा ऑफिसातल्या बाईनं तिनं स्वतः मारलेल्या एल्कच्या मांसाचं पुडकं दिलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगानं थोरला. मादीसुद्धा सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. त्या पुडक्याचा रस्सा झाला आणि वहिनी जेवताना काही बोलल्याच नाहीत. दादा घाबरला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "हे आपलं आपण आणायला पाहिजे."

यात त्यांना विचित्र काही वाटलं नाही. लहानपणी न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ बघत वाढलेली बाई; छत्रपतींच्या संस्थानात चित्ते पाळून हरणांची शिकार व्हायची, या गोष्टी घराघरात सांगितल्या जायच्या. कॉलेजात एनसीसीला असताना पालथं पडून पॉइंट टू-टू रायफलीनं कागदाला भोकंही पाडून झालेली. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. कोलोरॅडोत मात्र एल्क अडीच लाखांच्या वर आहेत, जगात एवढे दुसरीकडं कुठं नाहीत, आणि किती मारायचे हे दरवर्षी सरकारच ठरवून सोडत काढतं. सोडतीत वहिनींना एका मादीचा परवाना लागला. दादालाही अर्ज करायला लावला होता, त्याला लागला नाही. पुढचं बरंचसं रामायण त्यातून घडलं.

परवान्याच्या आधी शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा, त्यामुळं वर्गात एका बाकावर पन्नाशीचे वहिनी-दादा आणि पुढच्या बाकावर दहा-बारा वर्षांची पोरं. त्यातल्या एका पोरानं दादाला 'सर, नळी माझ्याकडं झाली' असं दोनदा सुनावलं. सरावाची नारिंगी प्लॅस्टिकची बंदूक होती. तरीसुद्धा.

आता दुकान. तिथं गेल्यावर पहिल्यांदा जे पुढं आलं ते गुलाबी होतं.

'लेडीज' हा शब्द लावला की वस्तूचं काय होतं हे आपण लहानपणापासून बघतो. लेडीज रुमालात एक शिंकही मावत नाही. लेडीज घड्याळात वेळ दिसत नाही. लेडीज छत्रीत अर्धी लेडीज भिजते. रायफलवाल्यांनीही कित्येक वर्षं हेच केलं: पोराटोरांसाठी बनवलेली आखूड रायफल घेतली, तिच्यावर गुलाबी किंवा मोरपंखी ठिपके मारले, आणि बायकांच्या मांडणीत ठेवली. २०१६ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या दर दहा शिकाऱ्यांमागं एक बाई होती, म्हणजे दहा लाखांच्या वर बायका. एवढ्या गिऱ्हाइकांसाठी एक रंग, हे उत्तर कुणाला सुचलं असेल ते असो. सरकारंही मागं राहिली नाहीत. शिकाऱ्यानं दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं म्हणून भडक केशरी कपडे घालायचा नियम आहे, हरणांना तो रंग नीट ओळखू येत नाही. २०१६ मध्येच विस्कॉन्सिननं आणि पाठोपाठ कोलोरॅडोनं केशरीबरोबर भडक गुलाबीही चालेल असं जाहीर केलं. उत्तेजन म्हणून.

विक्रेत्या पोरानं ती गुलाबी रायफल दोन्ही हातांवर धरून हसतमुखानं पुढं केली. वहिनी म्हणाल्या, "रंगाला माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडं जोतिबाच्या यात्रेत पैलवान गुलाबी होतात." हे भाषांतर दादानं टाळलं. "पण ही लहान पोराची आहे. मी कुठं लहान पोर आहे?"

तोवर दादाच्या हाती त्याची रायफल लागली होती. टायटॅनियम, कार्बन, आणखी कसलंतरी अंतराळयानाचं द्रव्य. उघडं वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. काडतूस मात्र .३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ चं, लांबवरचं अवाढव्य जनावर आडवं करणारं. दादानं ती एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात घेतली, माझ्या हातात दिली, परत घेतली. दुकानात रायफल निवडायची पुरुषांची पद्धत ही एवढीच. भाजीवाल्याकडं फ्लॉवर असाच उचलून बघतात. "घे, बघ, काहीच वाटत नाही हातात," तो वहिनींना म्हणाला. "हीच घेऊ. उद्या अस्वल मारायचं म्हटलंस तरी चालेल."

वहिनी अस्वलाबद्दल कधीही काही बोललेल्या नव्हत्या.

हातात काहीच वाटत नाही, हे खरंच. पण रायफल सगळं वाटायला लावते ते खांद्याला. न्यूटननं १६८७ मध्ये लिहून ठेवलेला हिशेब आहे: गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू पुढं सुटतो, तेवढ्याच नेटानं रायफल मागं येते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन निम्मं केलं, तर खांद्यावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. तीस-ओ-सिक्स नावाचं १९०६ सालचं नामांकित काडतूस आठ पौंडी रायफलीतून वीसेक फूट-पौंडांचा रट्टा देतं. साडेपाच पौंडी रायफलीतून तोच रट्टा तिशीला टेकतो. दादाच्या मॅग्नमचा हिशेब दुर्बीण-बिर्बीण धरूनही तीसच्या पुढंच जात होता. म्हणजे 'बाईमाणूस नाजूक, तिला जड नको' असं म्हणत म्हणत घरच्या सगळ्यात लहान खांद्यावर दुकानातली सगळ्यात मोठी लाथ बसवायची, असा तो कळवळा होता.

हलकी रायफल वाईट असते असं मी म्हणत नाही. डोंगरी मेंढ्यांच्या मागं दिवसच्या दिवस कडे चढायचे आणि आठवड्यात एकदाच चाप ओढायचा, अशा शिकाऱ्याला तिच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. पण तो शिकारी मुरलेला असतो. त्याचा गाल दस्त्यावर कुठं टेकायचा ते त्याच्या गालाला ठाऊक असतं. हलकी रायफल हातात ठरत नाही, श्वासाबरोबर हलते, नाडीबरोबर हलते, आणि चाप जरा ओढून ताणला की नळी बाजूला जाते. नवशिक्याला ती देणं म्हणजे कौतुकाच्या नावाखाली परीक्षा घेणं. नवशिक्या बाईला सर्रास तीच देतात.

आणि जडाचं म्हणाल, तर कोल्हापूरच्या बाईला हे सांगायला जाणं हा उद्धटपणाच. म्युनिकला २०१० साली पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली ती तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. राही सरनोबत कोल्हापूरची. तिचं पिस्तूल, ती गोष्ट वेगळी. २०२४ ला पॅरिसहून रायफलीचं कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरीकडचा. या खेळात दहा मीटरची एअर रायफलसुद्धा साडेपाच किलोपर्यंत चालते, बायकांना आणि पुरुषांना एकच मर्यादा, आणि खेळाडू त्या मर्यादेच्या आसपास खुशीनं राहतात, कारण वजन असलं की नेम ठरतो. मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या त्याही अशाच वजनाची रायफल घेऊन. शिकारीची साधी लाकडी रायफल दुर्बिणीसकट साडेतीन-पावणेचार किलो भरते. तेवढ्याला आमचे सल्लागार 'जड' म्हणत होते.

दुकानातल्या काउंटरच्या कडेला एक म्हातारा विक्रेता इतका वेळ गप्प बसून होता. दोन्ही कानांत यंत्रं. त्या धंद्यात हे अनुभवाचं प्रमाणपत्र. कानांवर काही न घालता बार काढायचे त्या पिढीतला. त्यानं दादाकडं आणि माझ्याकडं दुर्लक्ष करून वहिनींना विचारलं, "शिकारीला घालणार ते जाकीट आणलंय का?" गाडीत होतं. घालायला लावलं. मग कोपर काटकोनात वाकवायला सांगितलं, साधी लाकडी रायफल घेऊन तिचा दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला, आणि वहिनींचं बोट चापापर्यंत कुठवर पोचतं ते पाहिलं. बोट चापाच्या अलीकडंच राहिलं, चांगलं इंचभर.

दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं हे अंतर कारखान्यात साडेतेरा-पावणेचौदा इंच ठेवतात. पावणेसहा फुटी पुरुष डोळ्यांपुढं ठेवून. पाच फूट एक इंचाच्या बाईनं ती रायफल खांद्याला लावली की तिला हात ताणावा लागतो, मान पुढं काढावी लागते, पाठीतून मागं झुकावं लागतं, आणि मग बघणारे म्हणतात, बघा, जड होतेय. वर नोव्हेंबरात जाकिटाची जाडी आणखी इंचभर खाते, हे टी-शर्टावर रायफल बघणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. दस्त्याचं खालचं टोक बाईच्या छातीत रुततं. गालाला आधार देणारी कड खाली पडते आणि दुर्बिणीतून बघायला हनुवटी अधांतरी ठेवावी लागते. या सगळ्याचा विचार करून मुद्दाम बायकांसाठी घडवलेला दस्ता वेदरबी कंपनीनं २०१६ मध्ये आणला, तेरा इंची, आणि संस्थापक रॉय वेदरबी यांच्या पत्नीचं 'कॅमिला' हे नाव त्या रायफलीला दिलं. कंपनी १९४५ ची. बायकोच्या हाताचं माप घ्यायला सत्तर वर्षं लागली; आपल्याकडं काही घरांत अजून घेतलेलं नाही.

म्हाताऱ्यानं वहिनींची कुंडली मांडली. काडतूस ७ एमएम-०८, साल १९८०. रायफल साधी, अक्रोडाच्या दस्त्याची, सात पौंडी. दुर्बीण बसली की आठच्या पुढं. आणि दस्ता मागून कापायचा, टोकाला मऊ रबराची गादी लावायची. "कापायचा?" दादा ओरडला. आठवडाभर चाललेल्या चर्चेचं उत्तर एक करवत निघावी, हे त्याला सहन होईना. शिवाय एल्कला सात एमएम पुरेल का? कोलोरॅडोचा नियम म्हाताऱ्याला पाठ होता: एल्कसाठी गोळी किमान पंच्याऐंशी ग्रेनची, आणि शंभर यार्डांवर तिच्यात हजार फूट-पौंड जोर शिल्लक पाहिजे. यात दुपटीहून जास्त उरतो. आणि खांद्यावर येतो बारा-तेरा.

या काडतुसाचं घराणं जुनं आहे. त्याचा पूर्वज म्हणजे १८९०च्या दशकातलं सात बाय सत्तावन्न मौझर. इंग्रजांनी त्यालाच .२७५ रिग्बी म्हटलं, आणि १९२६ साली जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या टिपला तो त्याच रिग्बीनं. जॅक ओ'कॉनर नावाचा अमेरिकन शिकारी-लेखक होता. त्यानं उभी हयात .२७० या काडतुसाची तरफदारी करण्यात घालवली, देशभरच्या पुरुषांनी त्याचं ऐकलं. त्याची बायको एलिनॉर मात्र आपली मवाळ सात बाय सत्तावन्न घेऊन निघायची आणि आफ्रिकेपर्यंत एकेका गोळीत एकेक जनावर पाडून यायची. घरातल्या तज्ज्ञाचं न ऐकणं हे तिथंही कामी आलेलं दिसतं.

त्याहून जुनी ॲनी ओकली. जन्म १८६०, ओहायोतलं खेडं, बाप लहानपणीच गेलेला, उंची जेमतेम पाच फूट. पोरवयात ससे-तितर मारून विकले आणि आईच्या घरावरचं कर्ज फेडलं. पुढं बफेलो बिलच्या खेळात गेली, सिटिंग बुलनं तिला लेक मानलं, नेमबाजीत तिनं ज्याला हरवलं त्या फ्रँक बटलरशीच लग्न केलं. ज्या बंदुका होत्या त्याच तिनं उचलल्या. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटायच्या बेतात असताना तिनं अध्यक्ष मॅकिन्लींना पत्र पाठवलं की पन्नास नेमबाज बायकांची तुकडी द्यायला मी तयार आहे, आणि बंदुका-काडतुसं त्या आपापली घेऊन येतील. सरकारनं काही ती बोलावली नाही. बंदूक निवडून द्यायची संधीच नाही म्हटल्यावर पुरुषांचा रस गेला असावा.

दुकानात पुढं आला फॉर्म ४४७३. विकत घेणाऱ्याची माहिती केंद्र सरकारच्या चौकशीसाठी यात भरावी लागते, आणि त्यात उंचीबरोबर वजनाचा रकाना आहे. आठवडाभर सगळं जग रायफलीच्या वजनाची चौकशी करत होतं. बाईचं वजन विचारणारा हा पहिलाच इसम. वहिनींना लग्नाच्या माहितीपत्रकानंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी हे लेखी विचारलं होतं. फरक एवढाच की माहितीपत्रकात काहीही लिहिलं तरी फार तर स्थळ मोडतं, इथं खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा. वहिनींनी डाव्या हाताचा आडोसा करून आकडा लिहिला. शेजारच्या खुर्चीत दादाही आडोसा करूनच लिहीत होता. होय, दादाही. ती सहा पौंडी त्याच्या हातून सुटेना. "घरात एक हलकी असलेली बरी," तो म्हणाला. "तुला नंतर पटेल."

२०२३ च्या ऑक्टोबरपासून कोलोरॅडोत पैसे दिल्यावरही तीन दिवस थांबावं लागतं, डोकं थंड व्हावं म्हणून. दादाचं त्या तीन दिवसांत आणखी तापलं. भाजणी मोजायच्या काट्यावर त्यानं दुर्बिणी बसवायची कडी, पट्ट्याची बकलं, दोन प्रकारचे स्क्रू तोलून पाहिले. चामड्याचा पट्टा बदलून नायलॉनचा घेतला, दीडशे ग्रॅम वाचले. त्याच संध्याकाळी डोंगरावर न्यायची पाठपिशवी भरली: दोन थर्मास, तीन बॅटऱ्या, घडीची खुर्ची आणि पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा. डबा स्टीलचा.

मग सरावाचं मैदान. तिथं शिकवायला एक साठीची बाई होती, आवाज खर्जातला. वहिनींनी कापलेल्या दस्त्याला गाल लावला, श्वास अर्धा सोडला आणि बार काढला. कानावरच्या टोप्यांतूनही दणका बसला, पण वहिनी जागच्या जागी. पुढच्या काडतुसासाठी त्यांनी हात पुढं केला. लाह्या भाजायला घेतल्या होत्या जणू.

दादाची पाळी आली. डोळा दुर्बिणीपासून साडेतीन इंच लांब ठेवायचा असतो. हलकी रायफल नीट ठरत नव्हती म्हणून दादा दस्त्यावर सरकत सरकत पुढं गेला, आणि चाप ओढला. रायफल मागं आली, दुर्बिणीची कड भुवईच्या वर बसली, आणि दादाच्या कपाळावर ठसठशीत चंद्रकोर उमटली. तांबडी. इकडचे नेमबाज अशी खूण मिरवणाऱ्याला ओळखून हसतात. आपल्याकडं ती कुंकवानं काढतात, एवढंच. वहिनींनी रुमाल दिला. लेडीज रुमाल होता, पुरला नाही. "अहो, शोभतेय," त्या म्हणाल्या.

दादानं दात-ओठ खाऊन दुसरा बार काढला, तिसरा काढला. कागदाला काहीच झालं नाही. चौथ्यांदा त्या बाईनं न सांगता रायफलीत झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल भरून दिलं. ही जुनी युक्ती. दादानं नेम धरला, चाप ओढला, नुसतं 'टिक' वाजलं, आणि त्या टिकबरोबर नळीनं खाली मान टाकली, खांदा पुढं उसळला, डोळे गच्च मिटलेले. धक्का आलाच नव्हता. दादाच त्याच्या स्वागताला गेला होता. असं एकदा अंगात भिनलं की काढायला महिने जातात, आणि कित्येक बायकांचा शिकारीचा छंद पहिल्याच दिवशी नवऱ्यानं दिलेल्या हलक्या रायफलीनं असाच संपवलेला आहे, असं ती बाई म्हणाली. दादाकडं न बघता म्हणाली. वहिनींनाही रिकामं टरफल दिलं. टिक. नळी होती तिथंच.

"यावर नळीच्या तोंडाला बसवायची एक झडप मिळते," दादा गाडीत म्हणाला. "धक्का कमी होतो." कमी होतो हे खरं आहे. वायू बाजूला फेकला जातो आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या कानठळ्या बसतात. आपला त्रास शेजाऱ्याला वाटून द्यायची ही सोय विकत मिळते आणि चांगली खपते.

शिकारीचं सांगण्यात फार काही नाही, कारण ती नीट झाली. दहा हजार फुटांवर पहाटे थंडीत बसणं, दीडशे यार्डांवर माद्यांचा कळप, एक बार, आणि कळप उधळला तेव्हा एक मादी चार पावलं जाऊन बसली. वहिनी तिच्याजवळ जाऊन क्षणभर हात जोडून उभ्या राहिल्या, मग सुरी मागितली. खरं वजन त्यानंतर सुरू झालं. खाण्याजोगं मांस रानात टाकून जाणं हा तिथं गुन्हा आहे. हाडं काढूनही सत्तरेक किलो भरलं, आणि दोन मैलांवर उभ्या गाडीपर्यंत ते माणसांच्या पाठीवरूनच जाणार होतं. हाडासकट ठेवलेली मागची एक तंगडीच वीस किलोच्या वर. ती पाठीवर घेऊन दादा दुसरी चढण चढत होता, तेव्हा मी त्याला विचारलं की नायलॉनच्या पट्ट्याचा फरक जाणवतोय का. त्यानं उत्तर दिलं नाही. दम लागला होता म्हणून असेल.

त्या शनिवारी तांबड्या-पांढऱ्याला सगळे सल्लागार आले. एल्कच्या मांसाला चरबी कमी, जास्त शिजलं की वातड होतं. कुकरला किती शिट्ट्या द्याव्यात यावर पहिल्या वाटीपर्यंत सभेत पुन्हा एकमत झालेलं होतं. वहिनींनी कुकर वापरलाच नव्हता.

परवा दस्त्याचं रबर बदलायला वहिनींबरोबर त्याच दुकानात गेलो. वापरलेल्या मालाच्या मांडणीत ती सहा पौंडी उभी होती. सोबत काडतुसांची पेटी, वीसपैकी सतरा शिल्लक. नळीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, मजकूर दादानं स्वतः सांगून लिहवून घेतलेला: 'पत्नीसाठी घेतली होती. तिला झेपली नाही.'

वहिनींनी ती वाचली. पर्समधून पेन काढलं, 'पत्नी' वर काट मारली, वर 'पती' लिहिलं, खालच्या 'तिला'चं 'त्याला' केलं, आणि म्हाताऱ्याला विचारलं, "रबराचे किती झाले?"